घाट बंद आहे

चाळीसगाव,
४ सप्टेंबर २०२१

ती. अण्णा आणि आईस,


खुशाली फोनवर कळवली आहेच. पण अण्णांना पत्र हातात घेऊन वाचल्याशिवाय चैन पडत नाही, आणि इथलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना जाणं काही झालं नाही. कन्नड घाट बंद आहे. ३० ऑगस्टच्या रात्री डोंगरात पावसाने जो कहर केला, त्यात घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. दगड, मुरूम, चिखल आणि मुळासकट उपटलेली झाडं धुळे-सोलापूर महामार्गावर येऊन बसली. गाड्या रात्रभर जागच्या जागी अडकून पडल्या. तेच पाणी डोंगरी आणि तितूर या नद्यांनी खाली आणलं आणि ३१ तारखेला सकाळी चाळीसगावात शिरलं. आमच्या ट्रेकच्या गटातल्या बाकीच्यांनी बेत रद्द केला, ते बरंच केलं. मी मात्र मावशीसाठी आले.

मावशीच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. भिंतीवर त्याची तपकिरी रेघ अजून आहे. आज आम्ही कोठीतला गहू बाहेर काढला. वरचा थर चांगला दिसत होता म्हणून तिला आशा होती, पण हात आत घातला तर दाणे फुगून कोमट झालेले आणि वास आंबट. वर्षाचं धान्य पाट्या भरभरून उकिरड्यावर टाकताना ती एक शब्द बोलली नाही. काकाच तिला सारखे म्हणत होते, अगं, आपण तरी आहोत ना.

बाजारपेठेत दुकानदार चिखल उपसताहेत. कापडाचे तागे रस्त्यावर वाळत घातले आहेत. नदीकाठच्या वस्त्यांचे हाल तर बघवत नाहीत. गाईगुरं दावणीलाच बुडाली, काही वाहून गेली. परवा पोळा आहे.

आई, तू विचारशील म्हणून लिहिते, पाणी उकळूनच पिते आहे. देवळं करोनामुळे अजून बंदच आहेत, तेव्हा पाटणादेवीची ओटी या खेपेला राहिली.

तुमची,
ताई


चाळीसगाव,
६ सप्टेंबर २०२१, पोळा

ती. अण्णांस,
सा. न.

हे पत्र खास तुम्हाला. काल काकांबरोबर मोटारसायकलवर रांजणगावच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी गेले होते. पोलिसांनी अडवलं, ते योग्यच होतं. तरी त्यांच्या परवानगीने पहिल्या वळणापर्यंत पायी जाऊन आलो. तुम्ही आयुष्यभर कुऱ्ह्याच्या रस्त्यावर मैलकुली म्हणून काम केलंत, म्हणून जे पाहिलं ते तुम्हाला नीट सांगायचं आहे.

डोंगर तिथे भाकरीच्या चवडीसारखा दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत, आणि काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा आहे. मी त्या लाल थरात बोट घातलं तर ते पेरभर आत गेलं. बाहेर आलेल्या मातीची बोटांत गुळगुळीत लगदा झाला. वरचा पाषाण कडक, पण त्याला उभ्या भेगा. पाऊस त्या भेगांतून उतरतो, लाल थरावर अडतो, तो थर फुगतो, घसरडा होतो, आणि मग वरचा पाषाण आधार सुटून खाली येतो. डोंगराला त्याच्या स्वाभाविक उतारावर सोडलं असतं तर हे पुष्कळ सावकाश झालं असतं. रस्त्यासाठी आपण त्याला उभा कापला आहे. कापलेल्या कडेला टेकू नाही, तिथेच तो सुटतो.

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली ती मोरी. दरडीच्या जरा अलीकडे रस्त्याखालून पाणी काढून देणारी एक मोरी आहे. तिच्या तोंडाशी गाळ, पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक फुटका टायर असं सगळं गच्च बसलेलं. टायरवर गवत उगवलं होतं, म्हणजे तो या पावसातला नव्हे. कडेच्या गटारीचीही तीच गत. वरून आलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती. ते रस्त्यावरून वाहिलं, खालच्या बाजूचा भराव पोखरत गेलं आणि अर्धा रस्ता घेऊन दरीत उतरलं. म्हणजे वरून डोंगर आला आणि खालून रस्ता गेला.

तुम्ही मृगाच्या आधी गटारी उपसायचात, मोऱ्यांची तोंडं मोकळी करायचात, खांद्यावर फावडं टाकून रोज आपल्या वाट्याचा रस्ता पायाखाली घालायचात. लहानपणी मला त्या कामाचं मोल कळलं नव्हतं. आता तशी माणसं रस्त्यावर दिसत नाहीत. एका रात्रीत एवढा पाऊस पडला तर मैलकुलीने तरी काय केलं असतं, असं काका म्हणाले. सगळा घाट वाचला असता असं मीही म्हणत नाही. पण त्या मोरीपाशी रस्ता वाचला असता, हे मी डोळ्यांनी पाहून सांगते.

वरच्या बाजूला पोकलेन आणि जेसीबी चालू होते. काम करणाऱ्यांची मला धास्ती वाटली. खालचा ढिगारा ओढला की वरचा सुटा भाग पुन्हा घसरतो, त्यामुळे एक माणूस नुसता वर नजर ठेवून शिट्टी धरून उभा होता. शिट्टी वाजली की सगळे मागे पळत.

तेवढ्यात वरून एक बाई पायी उतरत आली. डोक्यावर बोचकं, हातात चपला, गुडघ्यापर्यंत चिखल. कन्नडकडच्या गावातली. तिची लेक चाळीसगावला दवाखान्यात बाळंत झाली आहे आणि हिने डिंक-मेथीचे लाडू आणले आहेत. पोलिसाने तिला आधी रागावलं, मग तिचं बोचकं धरून शेवटचा चढउतार पार करून दिला. गाडीने नांदगावकडून केवढा वळसा पडतो, आणि ते भाडं तिला कुठून परवडणार? काकांनी तिला मोटारसायकलवर घेतलं, मी रांजणगावपर्यंत चालत आले.

या घाटाला कागदोपत्री औट्रम घाट म्हणतात. १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं ते नाव. वरचं जंगल १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. ज्या भिल्लांना त्याने आधी नमवलं आणि मग पलटणीत घेतलं, त्यांच्या पायवाटा या डोंगरात त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. मला ते नाव घ्यावंसं वाटत नाही, म्हणून मी कन्नड घाटच म्हणते.

पितळखोऱ्याला एवढं काय आहे, असं तुम्ही निघताना विचारलं होतं. दोन हजारांहून अधिक वर्षांची लेणी आहेत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने तिथल्या खांबांसाठी दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे गोदावरीकाठचा माणूस या डोंगरवाटेशी नातं ठेवून होता. आणि ती लेणीसुद्धा दरडीनेच मोडली. कडा सुटला आणि चैत्यगृहाचं दर्शनी तोंडच कोसळून गेलं. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी तिथला ढिगारा उपसला, तेव्हा खाली ओळीने उभे हत्ती निघाले, दार निघालं, आणि एक हसरा बुटका यक्ष निघाला. कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असं त्याच्या हातावरच कोरलेलं आहे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनाराने दगड कसा घडवला असेल, हे मला त्या जागी उभं राहून बघायचं होतं.

येताना पाटणे गावाकडे वळलो. पाटणादेवीहून कण्हेरगड आणि वरची पायवाट आहे, तीही नाक्यावरच्या वनरक्षकाने बंद सांगितली. ओढे फुगलेले, निसरडं झालेलं, शिवाय वर कुठला दगड सुटा आहे ते कुणी सांगू शकत नाही. पुण्याकडची काही तरुण मुलं त्याच्याशी हुज्जत घालत होती. एवढ्या लांबून आलो, म्हणे. मी त्यांना घाटातल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. ती नाइलाजाने त्या ढिगाऱ्यावरून आली. आपण हौसेसाठी जाऊन अडकलो तर आपल्याला काढायला हीच यंत्रं, हीच माणसं लागणार. मुलं ऐकून घेऊन परत फिरली.

पाटण्याचा एक धागा आपल्या गावाशी जुळतो असं मला लहानपणी वाटायचं, तो खरा नाही. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापणारा जो चांगदेव आहे, तो भास्कराचार्यांचा नातू, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी. तापी-पूर्णेच्या संगमावरचा आपला चांगदेव वेगळा.

आज पोळा. गल्लीत एकच बैलजोडी आली. शेजारच्यांनी दोन्ही बैल गमावले आहेत. त्यांनी झुली आणि बाशिंगं फडताळातून काढलीच नाहीत. मावशीने मातीचे बैल पुजले आणि पुरणाचा घास त्यांच्या घरी पाठवला.

ताई


चाळीसगाव,
११ सप्टेंबर २०२१

ती. आई-अण्णांस,
सा. न.

गणपतीला मी घरी नव्हते याचं वाईट वाटतं. पण मध्ये पुन्हा पावसाने झोडपलं, तितूर पुन्हा चढली, आणि साफ केलेलं घर पुन्हा साफ करावं लागलं. मावशीला एकटीला सोडवेना.

तुम्ही बातमी वाचली असेलच. नंदुरबारकडे चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, आणि डोंगरातल्या एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन त्या ढिगाऱ्यातून वाट काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती जगली नाही. बातमीतला फोटो पाहून मला रात्री झोप लागली नाही. अस्तंब्याच्या यात्रेला तळोद्याकडून जाणारी हजारो माणसं त्याच डोंगरांतून जातात, मीही गेले आहे. तेव्हा मी कडे बघितले, धुकं बघितलं. वरच्या पाड्यांवरचं माणूस आजारी पडलं तर त्याला खाली उतरायला हाच रस्ता आहे, हे मनातसुद्धा आलं नाही. नंदुरबारचा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला, पण डोंगरातून जिल्ह्याच्या गावी पोचायचं ते अजून असल्याच घाटरस्त्यांच्या भरवशावर.

यंदाही करोनामुळे मुक्ताईची पालखी एसटीने पंढरपूरला गेली, तेव्हा अण्णा, तुम्ही किती हळहळला होतात. राजूरचा घाट पायी चढल्याशिवाय वारी कसली, म्हणाला होतात. घाट पायी चढायचा तो भक्तीने, आपल्या मर्जीने. आजारी माणसाला खांद्यावर घेऊन दरड ओलांडायची वेळ कुणावर येऊ नये.

म्हणून एक ठरवलं आहे. आमच्या गटाने या हिवाळ्यात ट्रेक ठेवायचा नाही. त्याऐवजी मेच्या शेवटी, पावसाच्या आधी, पाटण्याच्या रस्त्यावरच्या मोऱ्या आणि गटारी बघून यायच्या. कुठलं तोंड बुजलं आहे, कुठे कापलेल्या कडेला नवी भेग दिसते, कुठे झाड कललं आहे, याची फोटोंसकट यादी करून ज्यांच्याकडे रस्ता आहे त्यांना लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. जे हाताने उपसता येईल ते परवानगी काढून आपण उपसायचं. काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवायचं आहे. तुमचे गुडघे बरे असतील तर गाडीने तुम्हाला सोबत नेऊ.

सोमवारी निघते. भुसावळपर्यंत रेल्वेने, पुढे जी एसटी मिळेल ती. आई, मावशीसाठी दहा किलो गहू आणि थोडी तूरडाळ निवडून ठेव, पुढच्या आठवड्यात दादा इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवू. अण्णा, तुमचं जुनं लांब दांड्याचं फावडं माळ्यावर आहे का बघून ठेवा.

तुमची,
ताई