बॅकअप आहे, पण...

"बॅकअप आहे ना, मग कशाला घाबरायचं?" असं म्हणणारा आमच्या धंद्यातला प्रत्येक जण एकदा तरी तोंडावर आपटलेला असतो. परवा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीबद्दल वाचताना हेच आठवलं. या आजारात बाळाचं एसएमएन१ हे जनुक निकामी असतं, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. पण निसर्गाने बॅकअप ठेवलाय, एसएमएन२! जवळपास तस्संच. फक्त सातव्या तुकड्यात 'सी'च्या जागी 'टी' पडलाय. तेवढ्यावरून पेशी आरएनए जुळवताना तो तुकडा बहुतेक वेळा गाळूनच टाकते.

मग तो आरएनएच औषधाने सुधरवला तर?

इथेच तर गोची आहे. औषधाचा छोटा रेणू सहसा प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतो. प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांची, त्यामुळे खोबणींचे तोंडवळे वेगवेगळे. आरएनएकडे अक्षरं चारच. त्यात अंगभर ऋण भार, आणि स्वारी एका जागी स्थिर बसेल तर शपथ! धन भार असलेला रेणू सोडावा, तर तो दिसेल त्या आरएनएला चिकटतो. लिनेझोलिडसारखं अँटिबायोटिक आरएनएलाच धरतं खरं, पण तो जिवाणूच्या रायबोसोममधला, घडी पक्की बसलेला आरएनए.

तरीही रिस्डिप्लाम जमलं. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी २०१६ चं नुसिनर्सन होतं, पण ते मणक्यात टोचावं लागतं. हे घरीच तोंडाने द्यायचं. गंमत म्हणजे हा रेणू एकट्या आरएनएला धरत बसत नाही. आरएनए कापणारं पेशीतलं यंत्र सातव्या तुकड्याच्या कडेला टेकतं तिथला सांधा ढिला असतो. रेणू त्या सांध्यातच बसतो आणि पकड घट्ट करतो.

अर्थात असे सांधे पेशीत इतरही असतात. ब्रॅनाप्लाम याच पद्धतीचं, तेही आधी याच आजारासाठी काढलेलं. ते हंटिंग्टनच्या आरएनएची जुळणीही बदलतं असं दिसलं, म्हणून नोव्हार्टिसने त्या रुग्णांवर चाचणी सुरू केली. ऑगस्ट २०२२ मध्ये डोस थांबवावे लागले. हातापायांच्या नसांना इजा होत असल्याची चिन्हं दिसत होती... मेंदूच्या आजारावर आशेने औषध घेणाऱ्यांना!

खुद्द रिस्डिप्लामही फॉक्सएम१सारख्या दुसऱ्या जनुकांच्या जुळणीत थोडा हात घालतंच. बाळाची मात्रा वय-वजनावर ठरते, आणि आई-बाबा ती रोज सिरिंजने मोजून पाजतात.