पितळेचे पातेले आणि बाळाचे दूध



शिंदेशाहीच्या काळात आपले पूर्वज उज्जैनला आले, त्यांच्याबरोबर त्यांची भांडीकुंडीही आली. अजूनही आपल्या अनेक घरांच्या माळ्यावर पितळेची तपेली, पातेली आणि घंगाळे ठेवलेली आहेत. अलीकडे पुष्कळ सुनांनी ती हौसेने खाली काढून घासूनपुसून वापरायला घेतली आहेत. याचा आम्हांला आनंदच आहे. मात्र भांडी परत आली तरी कल्हईवाला परत आलेला नाही. म्हणून या अंकात थोडे विज्ञान सांगावेसे वाटते.

आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले, त्यामुळे 'तनु अम्ल' आणि 'विलयन' हेच शब्द आजही आधी तोंडी येतात. आपल्या प्रयोगशाळेत मुले लोहाची परीक्षा करतात ती सर्वांना ठाऊक आहे. फेरिक क्षाराच्या द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाकले की गडद निळा रंग उमटतो. हाच तो प्रशियन निळा. १८६७ साली माक्स पेर्ल्स या जर्मन वैद्याने हीच परीक्षा शरीरातील ऊतींवर करून दाखवली. आजही रोगनिदान प्रयोगशाळेत ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

यकृताचा किंवा अस्थिमज्जेचा लहानसा तुकडा काढून तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप करतात. काचपट्टीवरच्या कापावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड यांचे मिश्रण घालतात. आम्लामुळे साठलेले लोह मोकळे होते आणि जिथे ते असेल तिथे निळे ठिपके दिसतात. हिमोग्लोबिनमधले लोह मात्र पक्के बांधलेले असल्याने रंगत नाही. नेहमीच्या रंगक्रियेत तपकिरी कण दिसले तर ते लोहाचे की दुसऱ्या कशाचे, हा संशय निळा रंग दूर करतो. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठते.

लोहासारखेच तांबेही साठते, आणि ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित आहे. १८८७ साली कोलकात्यात डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या एका यकृतरोगाचे वर्णन केले. पुढे तो 'भारतीय बालयकृत काठिण्य' म्हणून ओळखला गेला. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरातली दोन-दोन भावंडे जात.

१९७८ साली अशा मुलांच्या यकृताचे काप ओर्सीन या रंगाने रंगवून तपासले गेले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. (गंमत अशी की ओर्सीन मुळात ज्या गटातील सजीवांपासून काढत, त्याच गटातले आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल आहे.) प्रश्न उरला तो असा, की इतक्या लहान मुलाच्या पोटात तांबे आले कोठून?

उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. तेथील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. टॅनर यांच्यासमवेत घरोघरची भांडी आणि मुलांचा आहार यांची चौकशी केली. आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवले व ठेवले जात होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातले केसीन हे तांबे धरून ठेवते, आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकता येत नाही. ही शंका १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली गेली. पुढे पेनिसिलामाइन हे औषध लवकर मिळालेली काही मुले वाचली. दूध तापवण्याची भांडी बदलली, आणि हा रोग आज अगदी विरळा झाला आहे.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच रोगाने गेल्याची नोंद आहे. तिथेही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांत तयार होत असे. भांडी बदलली आणि रोग थांबला. सर्वच मुलांना तो होत नसे, म्हणून काही आनुवंशिक कारणही असावे असे तज्ज्ञ मानतात.

आमच्या लहानपणी शेजारच्या वाड्यात एक बाळ पोट फुगून गेले होते. त्याला नेमके काय झाले हे आज सांगता येणार नाही, कारण तपासणी झालीच नव्हती. पण बोल लागला तो त्याच्या आईला. तिचेच दूध बाधले, असे बायका म्हणत. आम्हांला त्या माउलीची आठवण अजून येते. सूक्ष्मदर्शकाने मुलांचे प्राण तर वाचवलेच, शिवाय अनेक निर्दोष आयांच्या माथ्यावरचा खोटा आरोपही पुसला, असे आम्हांला वाटते.

आपल्या आजींना रसायनशास्त्र येत नव्हते, पण पितळेत आंबट ठेवू नये आणि कल्हई उडाली की भांडे वापरू नये, हे त्यांना पक्के माहीत होते. नवसागराचा तो पांढरा धूर आणि कथलाची चकाकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ती नातवंडांना जरूर सांगावी.

तेव्हा विनंती एवढीच. पितळेची भांडी अवश्य वापरा, पण कल्हई करून घ्या. ताक, चिंच, लिंबू त्यांत ठेवू नका. आणि घरात तान्हे बाळ असेल तर पहिले सहा महिने त्याला आईचे दूधच द्या. पुढे वरचे दूध द्यायचे ते स्टीलच्या भांड्यात तापवा. बाळाचे पोट फुगलेले किंवा डोळे पिवळे वाटले तर नजर उतरवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगवहीत 'निळा रंग आला' एवढे लिहून थांबू नका. तो कशाचा आणि का आला, हे वर्गात अवश्य विचारा.