न उघडलेलें खोकें

आमच्या अभ्यासिकेंत शेक्सपीअरच्या नाटकांशेजारीं दोन सुरे ठेविलेले आहेत. ते पाहून नवखा पाहुणा किंचित् दचकतो. जन्मभर कविता शिकविणाऱ्या प्राध्यापकास या हत्यारांचें काय होय, असा प्रश्न त्याच्या मुद्रेवर उमटतो. आमच्या सौभाग्यवतींना तो गेलीं वीस वर्षें पडलेला आहे.

हे खंदकी सुरे होत. पहिल्या महायुद्धांत अरुंद खंदकांत रात्रीं शत्रूशीं गांठ पडली, म्हणजे संगीन लावलेली लांब बंदूक फिरविण्यास जागाच नसे. फ्रेंच शिपायांनीं प्रथम तारेच्या कुंपणाचे लोखंडी खुंट ठोकून त्यांचेच सुरे केले. मागाहून कारखाने पुढें सरसावले. अमेरिकेच्या १९१७ सालच्या सुऱ्याचें पातें तिधारी. त्यानें भोंसकावें, पण साधी दोरी कापूं म्हटल्यास पंचाईत! १९१८ च्या 'मार्क वन'ला कांशाची मूठ, बोटें अडकविण्यास चार कड्या आणि कड्यांवर टोंकें. एवढा सरंजाम सिद्ध होतो न होतो तोंच नोव्हेंबरांत युद्ध थांबलें. हा सुरा आमच्या संग्रहीं नाहीं. प्राध्यापकाच्या पगारास तो झेपत नाहीं.

आमचे दोन्ही सुरे दुसऱ्या महायुद्धांतले, १९४३ सालीं निघालेल्या 'एम थ्री' जातीचे: पावणेसात इंची पातें, चामड्याच्या चकत्या दाबून बनविलेली मूठ. पैकीं एकाचें पातें घासून घासून बारीक झालें आहे व म्यानावर कोणीं तरी दोन अक्षरें कोरलीं आहेत. दुसरा कारखान्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, तेलकट कागदांत गुंडाळलेला, जसाच्या तसा आहे. शिपायानें सुरा कमरेला लाविला कीं खोकें फेंकून दिलें. म्हणून संग्राहकांत खोक्याचें मोल फार. नकली खोकींही निघतात. एका व्यापाऱ्यानें आमच्या गळ्यांत असलेंच एक बांधलें होतें. सौभाग्यवतींनीं तें हुंगून सांगितलें, "चहाच्या पाण्यानें रंगविलें आहे." आमची विद्वत्ता तेथें लटकी पडली.

खरें खोकें हातीं आलें तेव्हां त्याच्यासाठीं आम्हीं दुसऱ्या सुऱ्याच्या पांचपट पैसे मोजले होते, व त्याचा अभिमानही बाळगिला. परवां धाकट्या कन्येनें विचारिलें, "बाबा, हा सुरा कोणाला द्यायचा होता? तो शिपाई आधींच मेला, कीं लढाई आधीं संपली?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्याला कोणाचाही हात लागला नाहीं तोच आम्हांस मौल्यवान वाटावा, आणि ज्याच्या म्यानावर कोणाचें तरी नांव उरलें आहे तो स्वस्त, हा हिशेब आम्हीं आजवर कधीं तपासून पाहिलाच नव्हता.

तेव्हांपासून आम्हीं अक्षरें असलेला सुरा पुढें मांडला आहे. महिन्यास त्याला तेल लावितों. खोकें मागें गेलें. पावसाळा सुरू झाला आहे. आंतल्या कागदाखालीं गंज चढला आहे कीं काय, हें तो फाडल्यावांचून कळावयाचें नाहीं. सौभाग्यवती म्हणतात, "फाडा." कन्या म्हणते, "नको."