तांबड्या मातीवरची जिद्द

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूतला 'ज़िद' हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. लहान मूल बाजारात एखाद्या खेळण्यासाठी अडून बसले, की आई म्हणते, "ज़िद मत कर." हाच शब्द मराठीत आला, त्याचा 'जिद्द' झाला आणि त्याचे नशीबच पालटले. मराठीत हट्ट वेगळा आणि जिद्द वेगळी. हट्टी मुलाला आपण रागावतो, पण जिद्दी मुलाची पाठ थोपटतो. अडचणी आल्या तरी हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा निश्चय, म्हणजे जिद्द.

हा फरक वर्गात सांगताना मला एखादे ताजे उदाहरण हवे असे. २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत ते मिळाले, आणि तेही थेट फ्रान्समधून.

पॅरिस शहरात दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस टेनिसची एक मोठी स्पर्धा सुरू होते. तिला फ्रेंच ओपन म्हणतात. ती जिथे खेळली जाते त्या क्रीडासंकुलाचे नाव आहे रोलाँ गारोस. हे नाव कोणा टेनिसपटूचे असेल असे तुम्हांला वाटेल; पण ते एका वैमानिकाचे आहे. १९१३ साली त्याने वाटेत कोठेही न उतरता विमानातून भूमध्य समुद्र ओलांडला होता. २०१२ साली सानिया मिर्झाने महेश भूपतीच्या जोडीने येथेच मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. तेव्हापासून आमच्या घरी ही स्पर्धा आवर्जून पाहिली जाते.

जगातील चार सर्वांत मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी मातीच्या मैदानावर होणारी ही एकच स्पर्धा. ही माती म्हणजे बारीक दळलेला विटांचा चुरा. हा तांबडा थर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्याखाली चुनखडीचा चुरा, जळक्या कोळशाची भर, खडी आणि दगड असे थर असतात. अशा मैदानावर चेंडूचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. त्यामुळे एका जोरदार फटक्यात गुण मिळवणे अवघड असते. खेळाडू घसरत घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो, तो परत करतो आणि पुन्हा धावतो. म्हणून या मैदानावर ताकदीइतकाच धीर लागतो. आणखी एक गंमत आहे. चेंडू पडला, की मातीवर त्याचा ठसा उमटतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, असा वाद झाला, तर पंच खुर्चीवरून उतरून तो ठसा पाहतात. २०२५ च्या स्पर्धेतही असे प्रसंग अनेकदा आले.

आता आपल्या गोष्टीतील मुलीकडे येऊ. तिचे नाव लोइस ब्वासों. १६ मे २००३ रोजी फ्रान्समधील दिजों शहरात तिचा जन्म झाला. टेनिसच्या जगात तिला फारसे कोणी ओळखत नव्हते. मे २०२४ मध्ये तिने सेंट-मालो येथील एक स्पर्धा जिंकली, आणि रोलाँ गारोसच्या आयोजकांनी तिला 'वाइल्ड कार्ड' दिले. वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमवारीने प्रवेश मिळत नसताना खास निमंत्रणाने मिळालेली जागा. एकेरीच्या १२८ जागांपैकी अशा जागा फक्त आठ असतात. आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर, आयुष्यात प्रथमच एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळायचे! त्या मुलीला काय वाटले असेल, याची कल्पना करा.

आणि स्पर्धा एका आठवड्यावर आलेली असताना तिच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया करावी लागली. निमंत्रण कागदावरच राहिले. सुमारे नऊ महिने ती स्पर्धांपासून दूर होती. टेनिसची जागतिक क्रमवारी मागील बावन्न आठवड्यांच्या गुणांवर ठरते. जो खेळत नाही, त्याचे जुने गुण गळत जातात आणि नवे मिळत नाहीत. लोइस मे २०२४ मध्ये पहिल्या दोनशे खेळाडूंत होती. मे २०२५ मध्ये ती ३६१ व्या क्रमांकावर होती. आयोजकांनी तिला पुन्हा वाइल्ड कार्ड दिले. पण ३६१ व्या क्रमांकाच्या खेळाडूकडून कोण काय अपेक्षा करणार?

पहिल्या फेरीत तिची गाठ बेल्जियमच्या एलिझ मेर्टेन्सशी पडली. मेर्टेन्स अनुभवी आणि मानांकित. लोइसने तिला तीन सेटमध्ये हरवले. दुसऱ्या फेरीत तिने युक्रेनच्या कालिनिनाला हरवले. तिसऱ्या फेरीत समोर तिच्याच देशाची एल्सा जाकमो होती. पहिला सेट लोइसने जिंकला. दुसऱ्यात तिला एकही गेम मिळाला नाही. शून्य-सहा! एवढ्या पडझडीनंतर दुसरे कोणी खचून गेले असते. लोइसने तिसरा सेट ७-५ असा जिंकला.

त्या दिवसांत पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तेथील दुपारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी आणि रात्री दिसतात. बकरी ईद जवळ आली होती. घरात साफसफाई, शिवणकाम, पाहुण्यांची तयारी चालू होती. आठवीत शिकणारी माझी भाची सुटीत आमच्याकडे आली होती. तिने एका वहीत लोइसच्या सामन्यांचे गुण लिहायला सुरुवात केली. अम्मी तांदूळ निवडता निवडता अधूनमधून पडद्याकडे पाहत. एकदा त्यांनी विचारले, "ही मुलगी आपली कोण लागते, म्हणून तुम्ही एवढ्या जीव टाकता?"

भाची म्हणाली, "नानी, ती पडून पुन्हा उठली आहे ना, म्हणून."

मला या उत्तराचे कौतुक वाटले. आपल्याला तिची भाषा येत नव्हती. तिचे गाव आपण पाहिलेले नव्हते. तरीही ती आपली वाटत होती. माणसाचे कष्ट आणि माणसाचे दुःख समजायला दुभाषा लागत नाही.

चौथ्या फेरीत खरी कसोटी होती. समोर अमेरिकेची जेसिका पेगुला, जगातील तिसऱ्या क्रमांकाची खेळाडू. सामना सर्वांत मोठ्या मैदानावर, म्हणजे सुमारे पंधरा हजार आसनांच्या फिलिप शात्रिए कोर्टवर होता. पहिला सेट पेगुलाने ६-३ असा घेतला. मग लोइसच्या उजव्या हाताचे फटके बोलू लागले. ती चेंडूला भरपूर फिरकी देते. मातीवर पडल्यावर तो खांद्याएवढा उसळतो. दुसरा सेट ६-४, तिसराही ६-४. शेवटच्या गेममध्ये सामना तिच्या हातून निसटण्याची वेळ अनेकदा आली, पण प्रत्येक वेळी तिने तो सावरला. ती जिंकली तेव्हा संपूर्ण स्टेडियम उभे होते. आमच्या घरी भाची चक्क पलंगावर उभी होती!

उपांत्यपूर्व फेरीत लोइससमोर रशियाची मीरा आंद्रेयेवा आली. येथे, मित्रांनो, मला तुम्हांला थोडे थांबवायचे आहे.

आंद्रेयेवा जगात सहाव्या क्रमांकावर होती, पण तिचे वय होते अवघे अठरा वर्षे. म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या आपाएवढी. पहिल्या सेटमध्ये ती पुढे होती. लोइसने तो टायब्रेकमध्ये खेचून घेतला. दुसऱ्या सेटमध्येही आंद्रेयेवाने ३-० अशी आघाडी घेतली होती. पण प्रेक्षकांचा आवाज वाढत गेला. लोइसच्या प्रत्येक गुणाला जल्लोष होत होता. ते साहजिकच होते. परंतु आंद्रेयेवाने पंचांशी वाद घातला, की हुर्यो उडू लागली. तिचा तोल सुटला. रागाच्या भरात तिने चेंडू प्रेक्षकांच्या सज्जाकडे भिरकावला आणि पंचांनी तिला ताकीद दिली. त्यावर पुन्हा हुर्यो. लोइसने सलग सहा गेम जिंकले आणि सामना ७-६, ६-३ असा खिशात घातला.

लोइस जिंकावी, असे मलाही मनापासून वाटत होते. ती जिंकली याचा आनंदही झाला. पण त्या आनंदात एक खडा लागला. एका बाजूला हजारो माणसे आणि दुसऱ्या बाजूला एकटी अठरा वर्षांची मुलगी. तिचा अपराध एवढाच, की ती आपल्या आवडत्या खेळाडूच्या समोर उभी होती. भाचीने वहीत गुण लिहिले आणि हळूच विचारले, "खाला, तिलाही कोणीतरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या ना?"

आपल्या उर्दू वर्तमानपत्रांत खेळाडूच्या प्रेमी लोकांना 'मद्दाह' म्हणतात. मद्दाह म्हणजे स्तुती करणारा. मराठीत त्याला 'चाहता' म्हणतात. त्यात तुमच्या ओळखीची 'चाहत' आहे. चाहता म्हणजे प्रेम करणारा. दोन्ही शब्द गोड आहेत, पण मला त्यांत एक फरक जाणवतो. स्तुती यशाची होते. प्रेम मात्र अपयशातही टिकावे लागते. आणि ज्याला खेळावर खरे प्रेम आहे, तो समोरच्या खेळाडूच्या चांगल्या फटक्यालाही दाद दिल्यावाचून राहू शकत नाही.

लोइसच्या चाहत्यांची परीक्षा दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला झाली. रोलाँ गारोसच्या महिला एकेरीत वाइल्ड कार्ड मिळालेली एखादी खेळाडू प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचली होती. २००० साली मेरी पिअर्सने ही स्पर्धा जिंकली होती. त्यानंतर कोणत्याही फ्रेंच महिलेला एकेरीचे विजेतेपद मिळालेले नव्हते. पंचवीस वर्षांची ती आशा एका मुलीच्या खांद्यावर येऊन बसली होती. समोर होती अमेरिकेची कोको गॉफ. प्रेक्षक लोइसच्या नावाचा घोष करीत होते. गॉफ एकवीस वर्षांचीच, पण मोठी शांत. तिने कोणाकडे न पाहता आपला खेळ केला. लोइसचे पाय जड झाले होते, फटके बाहेर जात होते. सामना ६-१, ६-२ असा संपला. एक तास आणि काही मिनिटे, बस्स!

ती हरली, पण तिच्या लोकांनी टाळ्यांच्या गजरात तिला निरोप दिला. गॉफनेही तिचे मोकळ्या मनाने कौतुक केले. दोन दिवसांनी, ७ जूनला, गॉफने अंतिम सामन्यात अरीना सबालेंकाला हरवून विजेतेपद मिळवले. आपल्याकडे त्या दिवशी बकरी ईद होती. घरात पाहुण्यांची गर्दी होती; तरी भाचीने निकाल वहीत उतरवलाच.

स्पर्धेनंतर लोइस ३६१ वरून थेट ६५ व्या क्रमांकावर आली आणि फ्रान्सची पहिल्या क्रमांकाची महिला खेळाडू झाली. एखाद्या कथेचा शेवट येथे झाला असता. खऱ्या आयुष्यात मात्र गोष्ट चालूच राहते. त्याच महिन्यात ती विम्बल्डनच्या पात्रता फेरीत गवतावर खेळली आणि पहिल्याच सामन्यात हरली. सारे स्टेडियम जिच्यासाठी उभे राहिले होते, तिच्या या पराभवाची बातमी वर्तमानपत्रांत दोन ओळींत आली. भाचीने फोन करून मला विचारले, "खाला, आता वही बंद करू का?" मी म्हटले, "तुला काय वाटते?" तिने वही बंद केली नाही. जुलै महिन्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे, पुन्हा तांबड्या मातीवर, लोइसने पहिल्यांदा मोठ्या पातळीवरील स्पर्धा जिंकली. ती नोंद त्या वहीच्या नव्या पानावर आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी गणितात मागे पडले असेल. कोणी आजारपणामुळे वर्षभर घरी राहिले असेल. वर्गात परत येताना आपला जुना क्रमांक गेलेला असतो, आणि मैत्रिणी पुढे निघून गेलेल्या असतात. तेव्हा लोइसचे ते नऊ महिने आठवा. त्या काळात तिच्यासाठी टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. जिद्द तिथेच लागते. पंधरा हजार लोकांसमोर ती फक्त दिसते.

आणि पुढच्या वेळी आपल्या शाळेच्या मुली कबड्डी खेळायला उतरतील, तेव्हा त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. तो तुमचा हक्क आहे. पण समोरच्या शाळेच्या एखाद्या मुलीने सुरेख पकड केली, तर दोन टाळ्या तिच्यासाठीही वाजवा. तीही कुठल्या तरी घरातून, कोणाची तरी आशा खांद्यावर घेऊन आलेली असते.