शेवाळाला खाऊ कोण घालतं?

शेवाळ म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? पावसाळ्यात निसरडी झालेली विहिरीची पायरी? आमच्या चौथीच्या वर्गाला विचाराल, तर सगळे एका सुरात म्हणतील, "आमची माशांची टाकी!"

दोन फूट लांबीची ही काचेची टाकी खिडकीशी ठेवलेली होती. आत आठ-दहा गप्पी मासे आणि दोन पाणगोगलगाई, चिंगी आणि मंगी. संक्रांतीच्या सुमारास टाकीच्या काचा हिरव्या दिसू लागल्या. पंधरा दिवसांत मासे दिसेनासे झाले. काचा घासल्या, तर चार दिवसांत पुन्हा हिरव्यागार!

एकाने बातमी आणली, "बाई, दुकानात औषध मिळतं. थेंब टाकले की शेवाळ खलास!" वर्ग खूश झाला. मी म्हटलं, "अशा काही औषधांत तांब्याचे क्षार असतात. त्यांनी गोगलगाईही मरतात." सगळे एकदम चिडीचूप.

"मग शेवाळ जाणार कसं?"

"ते आधी जगतं कशावर, ते बघू या की!"

शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगावं लागलं नाही. पीक कशावर वाढतं? ऊन आणि खत. ऊन खिडकीतून येत होतं, दुपारभर. पण खत कुठून आलं? मग आम्ही फळ्यावर एक दिवस नोंद ठेवली. माशांना खाऊ घातला की एक रेघ मारायची. शाळा सुटताना रेघा मोजल्या, तर तेवीस! माशांना दिवसाला एक चिमूट पुरे. उरलेला खाऊ तळाशी कुजतो. त्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, आणि पाण्यातले जिवाणू त्याचं नायट्रेट बनवतात. शेवाळाला आयतं खत!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. ती रोज डब्यातल्या भाकरीचा तुकडा गुपचूप टाकीत टाकायची. "रविवारी मासे उपाशी राहतात ना, बाई!" तिला कोण रागावणार? तेवीस रेघाही मायेनेच मारलेल्या होत्या. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "धडधाकट माशांना एक दिवसाचा उपास सहज सोसतो." खाऊचा डबा तिच्याच ताब्यात दिला. रोज एक चिमूट, तीही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढीच.

मग टाकी रिकामी करून खिडकीपासून दूर हलवली. भरलेली टाकी कधी उचलू नका बरं का, तडकते! दर शनिवारी पाव भाग पाणी बदलायचं ठरलं. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. काचा साध्या स्पंजने घासायच्या, साबण अजिबात नाही. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं. त्या पाण्यातलं खत त्याला चांगलंच मानवलं!

पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. "बाई, औषधच आणू या," अशी कुजबुज सुरू झाली. चिंगी-मंगीकडे पाहून पोरं थांबली. चौथ्या आठवड्यात मात्र समोरच्या काचेतून मासे स्पष्ट दिसू लागले.

पण शेवाळ म्हणजे शत्रू नव्हे हं! समुद्रातली प्रवाळं म्हणजे चिमुकले प्राणी. त्यांतल्या पुष्कळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळांना देतात. पाणी फार तापलं की ही जोडी तुटते आणि प्रवाळं पांढरी पडतात. १९९८ साली आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रात असंच झालं. तिथे शैवाल गेलं हेच संकट. इकडे नदीत सांडपाणी सोडलं की जलपर्णी माजते. तिलाही आयतं खत आपणच पुरवतो.

तुमच्या घरी टाकी असेल, तर आई-बाबांना सोबत घेऊन तुम्हीही एक दिवस रेघा मारून बघा. आमच्या टाकीची मागची काच मात्र अजून हिरवी आहे. ती घासायची नाही, असं वर्गाने मतदान घेऊन ठरवलंय. ते चिंगी-मंगीचं जेवणाचं ताट आहे!