बाबांची जांभळी काच

कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या आजीचा मी नातू. त्यामुळे काच म्हटली की 'घासली की निघतं' हे डोक्यात पक्कं बसलेलं.

गेल्या महिन्यात बाथरूमच्या आरशावरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढले. आधी व्हिनेगर (बरेचसे क्षार त्यानेच विरघळले), मग उरलेल्या धुरकटपणावर काचवाल्याकडून आणलेली सिरियम ऑक्साइडची पूड, ओल्या फेल्टवर घेऊन, हात दुखेस्तोवर गोल गोल. आरसा लख्ख! बायकोनेही चक्क कौतुक केलं. तिथेच घात झाला.

कारण मग नजर गेली बाबांच्या रशियन झेनिट कॅमेऱ्यावर. त्याची हेलिओस लेन्स, ५८ मिलिमीटरची. माझ्या बारशाचे फोटो तिनेच काढलेले. पुढच्या भिंगावर एक जुनाट डाग होता, बहुधा बोटाचा ठसा. उरलेली चिमूटभर पूड, कापसाचा बोळा, अगदी हलका हात... डाग गेला. त्याच्याबरोबर भिंगावरची निळी-जांभळी झाकही गेली. बरोबर मधोमध, चार आण्याएवढी.

नंतर वाचत बसलो. (आधी वाचायला काय झालं होतं, असं ताई विचारणारच. उत्तर नाही.) ती झाक म्हणजे लेप. अशा लेन्सवर सहसा मॅग्नेशियम फ्लोराइडचा, जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या शेकडोव्या हिश्शाएवढी. नुसत्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. लेपामुळे तो दीड टक्क्याच्या आसपास येतो. आरशाचा लेप काचेच्या मागे असतो, पुढून घासलं तरी त्याला धक्का लागत नाही. इथे लेपच पुढे! जी पूड काच झिजवते तिच्यापुढे याची काय कथा? फुंकणी, मऊ ब्रश, फार तर अल्कोहोलने ओलावलेला लेन्सचा कागद, एवढंच करायचं होतं. नाही निघाला ठसा तर राहू द्यायचा. नवा लेप निर्वात पेटीतच चढतो, आणि त्याचा खर्च लेन्सपेक्षा जास्त.

दोन दिवस कॅमेरा कपाटात दडवला. तिसऱ्या दिवशी बाबांनीच मागितला. खिडकीशी नेऊन, तिरका धरून, बराच वेळ बघत राहिले.

"टक्कल पडलंय हिला."

मी सगळं सांगून टाकलं.

"उजेडाकडे तोंड करून काढला तर फोटो आता फिका येणार," एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने, "रीळ आण एक. आणि गच्चीत सगळे असे उभे राहा, की ऊन माझ्या पाठीवर येईल."