एका ओळीचे गाव

आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. सतरा वर्षे आम्ही एकाच स्टाफरूममध्ये एकाच किटलीतला चहा पीत आलो आहोत. पण एका बाबतीत आमचे कधी जमले नाही. एखाद्या गावाचे नाव निघाले की मला तिथली माणसे आठवतात, आणि त्यांना तिथली लोकसंख्या. २०२५ च्या जूनमध्ये नव्या जनगणनेची घोषणा झाली, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक जाडजूड बाड आणून आदळले. २०११ च्या जनगणनेतले रायगड जिल्ह्याचे गाववार तक्ते त्यांनी छापून बांधून घेतले होते.

"घ्या. यात तुमचे पोलादपूर आहे. नेहमी कवितांचीच पुस्तके काय वाचता?"

आकडे वाचण्याची मला सवय नाही. परीक्षेच्या गुणांची बेरीजसुद्धा मी दोनदा करतो आणि दोन्ही वेळा ती निराळी येते. पण माणूस कितीही शिकला तरी कोशात आधी आपले आडनाव शोधतो आणि नकाशात आपले गाव. मीही पोलादपूर तालुक्याची पाने काढली, आणि बोट फिरवता फिरवता आमचे गाव सापडले. एक ओळ! ज्या गावाबद्दल माझी आई तासन् तास बोलू शकत असे, ते गाव एका ओळीत बसले होते.

ओळ मात्र लांबलचक होती. कुटुंबे किती, माणसे किती, त्यात बायका किती; मग शाळा, दवाखाना, टपाल, बँक, बाजार, पिण्याचे पाणी, गटारे, रस्ता, एस.टी., वीज. सोय गावात असेल तर '१', नसेल तर '२'. आणि नसेल तर ती किती दूर आहे हे सांगायला तीन खुणा: पाच किलोमीटरच्या आत असेल तर 'ए', पाच ते दहा असेल तर 'बी', आणि दहाच्या पलीकडे काहीही असो, 'सी'. हे दहाच्या पलीकडचे मला मोठे मौजेचे वाटले. अकरा किलोमीटरही तेच आणि चाळीसही तेच. शिवाय हे किलोमीटर सपाटीचे की चढणीचे, हे तक्त्याला ठाऊक नाही. आंबेनळी घाटाच्या पोटातली आमची वाट ज्यांनी डोक्यावर तांदळाचे गाठोडे घेऊन चढली असेल, त्यांनी 'ए' आणि 'सी' यांची अदलाबदल केली असती.

आमच्या गावाला शाळेच्या रकान्यात '१' होता. तो खोटा नव्हता. गावात शाळा आहे. पण आमची कोकणातली गावे म्हणजे देशावरच्या गावांसारखी एका वेशीच्या आत कोंबलेली घरे नव्हेत. गावठाण खाली ओढ्याकाठी, एक वाडी मधल्या सड्यावर, एक पार डोंगराच्या कुशीत, आणि या सगळ्यांचे मिळून सरकारदप्तरी एक महसुली गाव. जनगणना गाव मोजते. वाडीला स्वतंत्र ओळ नाही. त्यामुळे खाली गावठाणात शाळा असली की वरच्या वाडीलाही ती 'आहे'. मधला ओढा आषाढात छातीपर्यंत चढतो, त्या ओढ्याला रकाना नाही.

त्या वरच्या वाडीत माझी आत्या राहते. एकटी. वय तिचे तिलाच ठाऊक नाही. आम्ही अजमासाने पंचाहत्तर धरतो.

पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे पंचेचाळीस हजार भरली. त्याआधी दहा वर्षांपूर्वी ती याहून जास्त होती. त्या दहा वर्षांत या देशात अठरा कोटी माणसे वाढली आणि आमच्या तालुक्यातली घटली! शेजारच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचीही तीच कथा. तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते: तालुक्यात पुरुषांपेक्षा बायका अधिक. माझ्या भूगोलवाल्या मित्राने ते वाचून आनंद व्यक्त केला. मी म्हटले, अहो, थांबा. आमच्याकडे मुलींचे फार कौतुक होते म्हणून हा आकडा वाढलेला नाही. आमचे पुरुष मुंबईला गेले म्हणून तो वाढला आहे.

ही वजाबाकी आमच्याच घरातली आहे. माझे वडील पंधराव्या वर्षी परळला गावकीच्या खोलीत आले. एका खोलीत वाडीतले वीस-बावीस जण. पाळ्या निरनिराळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची. वडील गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी अंगावर पीत होतो. संप मिटला असे कोणी सांगायच्या आत वडिलांची गिरणी सुटली आणि ते रखवालदार झाले. पण गावी परतले नाहीत. आत्याचे यजमानही मुंबईलाच असायचे, गोदीत. ते वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. अशा रीतीने तीस वर्षे संसार करून ते वारले. आत्या एकदा सहज म्हणाली होती, "हिशेब केला तर आमी दोघं समदी मिळून अडीच-तीन वर्सं येका घरात ऱ्हायलो असू." असा हिशेब कोणत्या तक्त्यात मांडावा?

पुढे तिचा मुलगा विरारला गेला, मी डोंबिवलीला. माणसे गेली की शाळेचा पट घसरतो. पट घसरला की शाळेवर गदा येते. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी मुले असलेल्या शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झालाच होता. शाळा जाण्याची नुसती कुणकुण लागली तरी राहिलेली तरुण बाई पोराला घेऊन पोलादपूरला नाहीतर महाडला खोली करते. दवाखान्याचेही तसेच. डोंगरी भागात एका आरोग्य उपकेंद्रामागे तीन हजार माणसे हवीत, असे प्रमाण ठरलेले आहे. सपाटीला पाच हजार लागतात, म्हणजे डोंगराला सवलतच दिली म्हणायची. पण आत्याच्या एका गुडघ्याला मलम मिळण्यासाठी तीन हजार डोकी कुठून आणायची?

गेल्या गणपतीत ते बाड मी मुद्दाम गावी नेले. महाडला एस.टी. थांबली तेव्हा नेहमीप्रमाणे चवदार तळ्यावर जाऊन आलो. सोयींच्या तक्त्यांच्या नादात असल्यामुळे असेल, पण त्या दिवशी तळ्याकडे पाहताना एक निराळाच विचार मनात आला. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्या साली कोणी तक्ता भरला असता तर 'पिण्याचे पाणी' या रकान्यात महाडच्या अस्पृश्य वस्तीपुढेही '१' पडला असता. पाणी होते, ठरावही होता. तरी बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले, ओंजळभर पाणी प्यावे लागले, मार खावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला पुढे १९३७ साल उजाडले. 'आहे' आणि 'मिळते' या दोन क्रियापदांमध्ये किती अंतर असते, हे व्याकरणाच्या तासाला मी आता तळ्याचे उदाहरण देऊन सांगतो.

रात्री जेवणे झाल्यावर आत्याला ओळ वाचून दाखवली. ती पाय पसरून, गुडघ्याला तेल चोळीत ऐकत होती. शाळा म्हणताच हसली. एस.टी. म्हणताच म्हणाली, "येती की. डायवरच्या मनात आलं म्हंजी." मग पाण्यावर आलो. विहीर आहे, झरा आहे; आणि पाणी उन्हाळ्यात मिळते का, असाही एक रकाना होता. त्या तक्त्यांत उन्हाळ्याचे महिने कंसात दिले आहेत: एप्रिल ते सप्टेंबर. मी ते वाचले मात्र, आत्याचा तेलाचा हात थांबला.

"आरं बाबू, त्यो उन्हाळा कुठला? वैशाखातला का आषाढातला?"

मला उत्तर सुचेना. दिल्लीत बसलेल्या माणसाला एप्रिल ते सप्टेंबर हा एकच ऋतू वाटत असेल. आमच्याकडे त्यात दोन जन्म येतात. आमच्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री आमच्या अंगणाखालून वाहते. पण काळ्या कातळाच्या उभ्या उतारावर ते पाणी ठरत नाही. आले तसे धावत महाडला जाते, बाजारपेठेत शिरते आणि खाडीत उतरते. होळी पेटली की झरा बारीक होऊ लागतो. वैशाखात आत्या पहाटे तीनला उठून वाटीने पाणी भरते. एक हंडा भरायला पाऊण तास. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच डोंगरावरून एवढे पाणी येते की माणसाने पळावे कुठे असा प्रश्न पडतो.

२०२१ च्या जुलैत मला तो प्रश्न पडला होता. २२ जुलैला महाड बुडाले. तळिये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिथेही वाडीच होती, गाव नव्हे. आमच्या पोलादपुरात केवनाळ्याला आणि साखरच्या सुतारवाडीत दरडी कोसळल्या. डोंबिवलीत दूरदर्शन संचासमोर बसून मी आत्याला फोन लावीत होतो. तीन दिवस लागला नाही. 'मोबाईल' या रकान्यात आमच्या गावाला '१' आहे. चौथ्या दिवशी एका मुलाने घाटात कुठेतरी उंच जाऊन फोन केला, "म्हातारी हाय. गोठ्याची भिंत गेली फक्त." मी त्या दिवशी वर्गात जाऊन शिकवू शकलो नाही. तेव्हा कॉलेज घरातूनच चालत असे, म्हणून ते कोणाला दिसले नाही, इतकेच.

त्यानंतर मी तिला जवळजवळ पळवूनच डोंबिवलीला आणले. चौथ्या मजल्यावर नळ उघडला की पाणी. ती तो उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. माझ्या बायकोने तिचे फार केले. पण भाद्रपद जवळ आला तशी ती गप्प होत गेली, आणि गणपतीच्या आठ दिवस आधी पिशवी भरून दारात उभी राहिली. मी रागावलो. डोंगर अजून तिथेच आहे, म्हणालो. ती म्हणाली, "म्हून तर जाते." त्यावर वाद घालायला मी मराठीचा प्राध्यापक असून मला शब्द सापडले नाहीत.

या वेळी बाड मिटताना मी तिला सांगितले की पुन्हा मोजणी जाहीर झाली आहे. २०२१ ची राहिली ती आता व्हायची, आणि १ मार्च २०२७ ही तिची तारीख ठरली आहे. ती बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"शिमगा कदी रं त्या साली?"

पंचांग नव्हते; मी फोनवर पाहून सांगितले, बावीस मार्च.

"मंग झालंच! मोजनी आदी आन् शिमगा मागनं. पोरं यायच्या आदीच मोजून जातील. पालखीच्या दिवशी येऊन मोजा म्हनावं."

२०११ लाही तसेच झाले होते. फेब्रुवारीत माणसे मोजली आणि वाडी भरली ती मार्चच्या शिमग्यात. अर्थात नियमाप्रमाणे तेच बरोबर. जो जिथे राहतो तिथे तो मोजायचा. भूगोलवाले मित्र हेच म्हणतील आणि मला ते मान्य करावे लागेल. मी डोंबिवलीचाच आहे. माझे रेशनकार्ड, मत, कर्ज सगळे तिथले.

गौरी-गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या उभ्या होत्या आणि वाडीत पाच दिवस उघडी असलेली दारे एकेक करून मिटत होती. कुलूप लागले की घरचा माणूस किंवा सून आत्याच्या ओटीवर येई, पाया पडे आणि किल्ली तिच्या हातात देई. आत्या ती आतल्या खुंटीवर अडकवी. कोणती किल्ली कोणाची हे ती दोऱ्याच्या रंगावरून ओळखते. कोणाच्या कौलातून गळते, कोणाच्या देव्हाऱ्यात अमावास्येला दिवा लावायचा, कोणाची चूल पावसाळ्यात दोनदा पेटवून घर शेकायचे, हे सगळे त्या दोऱ्यांना बांधलेले. मी मोजल्या. अकरा किल्ल्या होत्या.

निघताना डोंबिवलीचा विषय काढायचा असे मी रात्रीच ठरवले होते. हिवाळ्यात ये, मोजणीपर्यंत राहा, तुझ्या गुडघ्याला ते बरे. वाक्ये जुळवूनसुद्धा ठेवली होती. ती ओटीवर बसली होती. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ते बाड होते आणि हातात आमच्या घराची किल्ली.

"निळा दोरा लावलास न्हवं?" तिने विचारले.

मी होय म्हटले आणि किल्ली तिच्या हातात दिली.